गांवाहून परतलेला माणूस आणि आपलें वाङ्मय

घरांतील एखादें माणूस महिना-पंधरा दिवस मूळ गांवीं राहून परत आलें, म्हणजे त्या रात्रीं घरांत जी बैठक जमते तिला कोणी साहित्यसभा म्हणणार नाहीं. पाय धुऊन, चहा घेऊन तें माणूस भिंतीशीं टेकून बसतें. मुलें पिशवीभोंवतीं घोंटाळतात. कोकमें, कुळथाचें पीठ, फणसाची साठें, देवळांतला अंगारा असें एकेक बाहेर पडूं लागतें, आणि त्याबरोबर गोष्टीहि बाहेर पडूं लागतात. कोण भेटलें, कोण गेलें, कोणाचें लग्न ठरलें, विहिरीला पाणी किती होतें. हा क्रम कोणी कोणाला शिकविलेला नसतो, तरी घरोघर तो बहुतेक सारखाच असतो. आमच्या मतें कथनाचा हा आपल्याकडील एक अत्यंत जुना आणि अजूनहि जिवंत असलेला प्रकार आहे. परंतु टीकाकारांनीं त्याकडे फारसें लक्ष पुरविलेलें दिसत नाहीं, आणि कथालेखकांनींहि त्याचा करावा तितका उपयोग करून घेतलेला नाहीं.

निरोपाचे प्रसंग आपल्या वाङ्मयांत पुष्कळ आहेत. सासरीं निघालेली मुलगी, बोटीवर चढणारा विद्यार्थी, गिरणींत नोकरी धरण्यासाठीं गांव सोडणारा तरुण, ह्यांना निरोप देतांना आमच्या लेखण्या कधीं थकल्या नाहींत. ओढीचेंहि तसेंच आहे. परमुलुखांत बसून गांवाची, माहेराची किंवा मायदेशाची आठवण काढणारें पद्य आपल्याकडे विपुल आहे. सावरकरांनीं १९०९ सालीं ब्रायटनच्या किनाऱ्यावर सागराला उद्देशून रचलेलें गीत तर घरोघर पोंचलें आहे. परंतु जाऊन परत आलेल्या माणसाचें काय? त्यानें घरांत पाऊल टाकल्यावर काय सांगितलें, काय सांगितलें नाहीं, आणि ऐकणारांनीं त्यांतून काय ओळखलें, हा प्रसंग कथेच्या मध्यभागीं क्वचितच आलेला आहे. ह्या उणिवेचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. आणि ज्या थोड्या ठिकाणीं ती भरून निघाली तेथें ती कशाच्या बळावर भरून निघाली, हेंहि पाहावयाचें आहे.

टीकालेखांत घरगुती गोष्ट आणूं नये असा संकेत आहे. ह्या विषयांत तो मोडल्यावांचून आम्हांस गत्यंतर दिसत नाहीं.

आम्ही ठाकुर्लीचे रहिवासी. कल्याण आणि डोंबिवली ह्या दोन मोठ्या स्थानकांच्या मध्यें हें लहान स्थानक आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनें आपल्या विजेच्या गाड्यांकरितां येथें १९२९ सालीं वीजघर उभारलें. तें वीजघर आणि एकंदर रेल्वेची नोकरी ह्यांच्या आश्रयानें कोंकणांतून, देशावरून, खानदेशांतून आलेलीं कुटुंबें येथें स्थिरावलीं. वीजघर पुढें बंद पडलें; कुटुंबें राहिलीं. राहणें ठाकुर्लीस आणि 'गांव' मात्र दुसरीकडे, अशी ह्या कुटुंबांची व्यवस्था दोन-तीन पिढ्या चालत आली. येथेंच जन्मलेल्या माणसाला तुमचें गांव कोणतें असें विचारलें, तर तो राजापूर सांगेल, खेड सांगेल, पारोळें सांगेल. ठाकुर्ली सांगणार नाहीं.

आमचे थोरले बंधु एका वैशाखांत राजापूर तालुक्यांतील आमच्या गांवीं जाऊन आले. दिव्यास गाडी बदलून रात्रीं उशिरां ते घरीं पोंचले, आणि जेवण झाल्यावर चांगले दोन तास बोलत बसले. आंब्याचा भाव, देवळावर घातलेलीं नवीं कौलें, शेजारच्या काकांनीं म्हातारपणीं बसवून घेतलेली कवळी आणि ती जेवतांना काढून ठेवण्याची त्यांची रीत, असें सर्व त्यांनीं रंगवून सांगितलें. आम्ही पोट धरून हंसलों. आई पलंगावर बसून ऐकत होती. तिचें वय तेव्हां ८६ वर्षांचें होतें. मध्येंच तिनें एक प्रश्न विचारला. "अंगणांतली तुळस हिरवी आहे ना रे?" "आहे ग," बंधु म्हणाले, आणि पुन्हां आंब्याकडे वळले.

श्रावणांत चुलतभावाचा दूरध्वनि आला. घरपट्टीविषयीं बोलतां बोलतां तो सहज बोलून गेला कीं, पडवीची भिंत मागच्याच पावसाळ्यांत अंगणांत कोसळली होती आणि वृंदावन तिच्याखालीं गाडलें गेलें होतें. म्हणजे बंधु गेले तेव्हां तो ढिगारा तेथेंच पडलेला होता. ही बातमी आईला कशी सांगावी ह्याचा आम्ही दोन दिवस खल केला. अखेर सांगितली. ती शांतपणें म्हणाली, "दोन तास बोलला, पण घराचें नांव काढलें नाहीं, तेव्हांच मला कळलें. म्हणून मीं घराचें विचारलेंच नाहीं. कशाला तरी 'आहे' म्हणतां यावें त्याला, म्हणून तुळशीचें विचारलें."

त्या रात्रीं आमच्या घरांत एक कथाकार होता आणि एक टीकाकार होता, आणि दोघांपैकीं टीकाकार अधिक जाणता होता. आम्ही बाकीचे केवळ वाचक होतों. जें सांगितलें तेवढेंच आम्हीं ऐकलें. आईनें जें सांगितलें नाहीं तें ऐकलें. ती हें करूं शकली, कारण त्या घरावर तिचा हक्क होता; तेथें ती नांदली होती, आणि कथाकाराला हें पक्कें ठाऊक होतें. आमच्या मतें परतलेल्या माणसाच्या कथेचें मर्म येथें आहे. प्रवासवर्णन लिहिणारा लेखक परक्यांना सांगत असतो. त्यानें एखादी गोष्ट गाळली, तर ती त्याला दिसली नसेल किंवा महत्त्वाची वाटली नसेल, एवढाच तिचा अर्थ. घरीं परतलेला मनुष्य ज्यांना विचारण्याचा अधिकार आहे त्यांना सांगत असतो. त्याच्या गाळण्याला अर्थ असतो. कित्येकदां सारा अर्थ त्या गाळण्यांतच असतो. म्हणून ह्या प्रकारच्या लेखनाला आम्ही एकच कसोटी लावूं इच्छितों: कथनांत हक्काचा ऐकणारा हजर आहे कीं नाहीं?

ह्या कसोटीला पुरेपूर उतरणारें काव्य आम्हांस प्रथम जात्यावर सांपडतें. साने गुरुजींनीं १९४० च्या सुमारास 'स्त्री जीवन' ह्या ग्रंथांत जात्यावरच्या ओव्यांचा मोठा संग्रह केला. पुढें हेमा राईरकर आणि गी पॉइटवां ह्यांनीं खेड्यापाड्यांतून सहकाऱ्यांच्या साह्यानें एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांतील कितीतरी ओव्या माहेराविषयीं आहेत. माहेरच्या ओढीचीं गीतें असें त्यांस नांव देऊन आपण मोकळे होतों. परंतु त्यांतील अनेक ओव्या माहेराला निघालेल्या मुलीच्या नसून माहेराहून परत आलेल्या सुनेच्या आहेत, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्यांचा रंग पालटतो. ती सासरच्या जात्यावर बसली आहे. पहांटेची वेळ आहे. समोर खुंट्याला हात लावून जाऊ किंवा नणंद बसली आहे. भिंतीपलीकडे सासू जागी आहे. अशा वेळीं ती भावाच्या वाड्याचें, त्याच्या दारच्या बैलजोडीचें, त्यानें नेसविलेल्या लुगड्याचें वर्णन करते. त्या वर्णनांत पाहिलेलें किती आणि मायेनें रचलेलें किती, असा प्रश्न संग्रहाच्या वाचकाला पडत नाहीं; सासूला मात्र तो पडत असला पाहिजे. आणि ह्याच्या उलट, माहेरीं गेल्यावर सासरचा जाच आईच्या कानीं घालूं नये, हाहि ह्याच ओव्यांतून दिसणारा धर्म आहे. दोन घरांत येरझारा करणारी ही स्त्री दोन्ही घरांची लाज झांकीत असते. तिची प्रतिभा तिच्या ओढीपेक्षां ह्या झांकण्यांत अधिक दिसते. तिला भोळी म्हणणाऱ्यांनीं तिचा ऐकणारा कोण होता ह्याचा विचार केलेला नाहीं.

गद्यांत असा ग्रंथ कोणता, असें कोणी विचारल्यास आम्ही विष्णुभट गोडसे ह्यांच्या 'माझा प्रवास' ह्याचें नांव घेऊं. पेणजवळच्या वरसई गांवचे हे भिक्षुक घरच्या कर्जाच्या विवंचनेंत होते. उत्तरेंत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असून तेथें दक्षिणा मिळेल, अशी वार्ता ऐकून १८५७ सालीं ते चुलत्याबरोबर निघाले. वाटेंतच बंडाचा वणवा पेटला. झांशीला वेढा पडला तेव्हां ते शहरांत होते. मिळविलेलें द्रव्य लुटलें गेलें. अखेर आईबापांना स्नान घालण्यासाठीं गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते घरीं परतले. सुमारे पाव शतकानंतर चिंतामण विनायक वैद्य ह्यांच्या सांगण्यावरून त्यांनीं हा सर्व वृत्तांत लिहून काढला, आणि १९०७ सालीं वैद्यांनीं तो प्रसिद्ध केला.

ह्या ग्रंथाची कीर्ति झाली ती मुख्यत्वें झांशीच्या वर्णनामुळें. इतिहासकारांनीं त्यांतून राणी लक्ष्मीबाई घेतली, वेढा घेतला, कत्तल घेतली, आणि उरलेलें भटजींना परत केलें. आम्हांस आज तें उरलेलेंच हवें आहे. कोठें काय दक्षिणा मिळाली, कोठें काय जेवण झालें, कोणी आसरा दिला, कोठें काय लुबाडलें गेलें, हें भटजी अशा बारकाईनें सांगतात कीं, ज्याला घरीं जाऊन हिशेब द्यावयाचा आहे असा मनुष्य बोलत आहे, हें ओळखूं यावें. दिल्लीच्या किंवा लंडनच्या बखरकाराला ही गरज नव्हती. राज्यें बुडत असतां भटजींना वरसईच्या ऋणकोपणाचा विसर पडत नाहीं, आणि म्हणूनच त्यांच्या सांगण्यावर आपला विश्वास बसतो. एवढ्या मोठ्या उलथापालथींत हा मनुष्य वीर झाला नाहीं, तत्त्ववेत्ता झाला नाहीं. तो मुलगाच राहिला.

त्या कावडीकडे ह्या दृष्टीनें पाहावें. पैसा आणावयास गेलेला मुलगा पाणी घेऊन येतो. धार्मिक वाचकाला त्यांत पुण्य दिसेल, आणि तें नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु लुटल्या गेलेल्या मुलानें आईबापांसमोर रिकाम्या हातांनीं उभें राहूं नये, ह्यासाठीं मनानें शोधलेला तो मार्गहि आहे. 'काय आणलेंस?' ह्या प्रश्नाला त्याच्यापाशीं एक उत्तर आहे. आमच्या बंधूंना आईनें ज्याप्रमाणें एका गोष्टीला 'आहे' म्हणण्याची सोय करून दिली, त्याप्रमाणें गंगेनें भटजींना ती करून दिली. सबंध ग्रंथांत ह्याहून बोलकी वस्तु नाहीं, आणि ती परतीच्या वाटेवरची आहे.

ह्याच ग्रंथावरून आणखी एक गोष्ट शिकतां येते. १९०७ सालीं छापतांना वैद्यांनीं मजकुरांत फेरफार केले. राज्य इंग्रजांचें होतें आणि विषय सत्तावनचा होता, हें विसरून त्यांना दोष देणें अन्यायाचें होईल. पुढें १९६६ सालीं दत्तो वामन पोतदारांनीं मूळ लेखनाला धरून आवृत्ति काढली, तेव्हां भटजींची भाषा वाचकांस जशीच्या तशी मिळाली. गाळणें दोन प्रकारचें असतें, हें ह्या दोन आवृत्त्यांवरून समजतें. परतलेला मनुष्य गाळतो तें मायेनें किंवा लाजेनें. संपादक गाळतो तें सावधपणानें. पहिल्या गाळण्यानें कथा घडते. दुसऱ्यानें ती पुष्कळदां मुकी होते.

वैद्य हे कल्याणचे. ठाकुर्लीहून कल्याण एकच स्थानक दूर आहे. आणि त्याच कल्याणांत ३१ मार्च १८६५ रोजीं आणखी एक व्यक्ति जन्मली, जिचें परतणें सांगावयास ती स्वतः फार दिवस राहिली नाहीं. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलांत कलकत्त्याहून बोटीवर चढल्या. ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयानें त्यांना एम्. डी. ही पदवी दिली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत त्या पतीसह मुंबईस उतरल्या त्या क्षयानें खंगलेल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयांत त्यांची नेमणूक झाली होती. तेथें त्या रुजू होऊं शकल्या नाहींत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचें निधन झालें. वयाचीं २२ वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं.

त्यांच्या वतीनें इतरांनीं सांगितलें. कॅरोलाइन डॉल ह्या अमेरिकन बाईंनीं १८८८ सालीं त्यांचें इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केलें, काशीबाई कानिटकरांनीं मराठींत चरित्र लिहिलें, श्री. ज. जोशी ह्यांनीं १९६८ सालीं 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी लिहिली, आणि तिनेंच आजच्या बहुतेक कुटुंबांना आनंदीबाईंची ओळख करून दिली. तिन्हींचें मोल निरनिराळें आहे. काशीबाईंचें विशेष आहे. कारण चरित्रनायिकेच्या बरोबरीची, घरांतल्या घरांत शिकण्यासाठीं झगडलेली स्त्री येथें लिहीत आहे, आणि आनंदीबाईंनीं पत्रांत काय लिहिलें नसेल हें तिला स्वानुभवानें कळतें. म्हणजे येथेंहि हक्काचा ऐकणारा भेटला आहे. फक्त तो उशिरां भेटला. कादंबरीची शक्ति दुसरीकडे आहे. पति आणि पत्नी ह्यांच्यामधील ओढाताण तिनें धीटपणें उभी केली. तरीसुद्धां आपल्या सर्वांच्या मनांत ठसली आहे ती जाणारी आनंदीबाई. परत आल्यानंतरचे ते जेमतेम साडेतीन महिने शोकाच्या पडद्याआड राहिले. तीन वर्षांत जें पाहिलें आणि सोसलें, त्यांतील काय त्या आजारी मुलीनें आईजवळ बोलून दाखविलें, काय गिळलें, आणि आईनें काय ओळखलें, ह्यावर एक स्वतंत्र कथा कोणी तरी लिहावी, असें आम्हांस फार दिवस वाटत आहे.

आणि ह्या चरित्राचा शेवट तर आपल्या विषयाला अगदीं जाऊन भिडतो. आनंदीबाईंची रक्षा अमेरिकेंत, ज्यांनीं त्यांना मुलीप्रमाणें संभाळलें त्या कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यांत आली, आणि न्यूयॉर्क राज्यांतील पोकिप्सी येथें त्या कुटुंबाच्या दफनभूमींत ती ठेवली गेली. कल्याणची मुलगी मायदेशीं परतली, आणि मायदेशाहून पुन्हां परतली. ह्यांतील घर कोणतें आणि प्रवास कोणता? एकदां घरें दोन झालीं, म्हणजे परतणें एकाच दिशेचें राहात नाहीं, हें त्या रक्षापात्रानें जितक्या स्पष्टपणें सांगितलें आहे तितक्या स्पष्टपणें आपल्या कथाकादंबऱ्यांनीं अद्याप सांगितलेलें नाहीं.

मग चाकरमान्यांचें वाङ्मय कोठें उणें पडलें? अण्णा भाऊ साठे ह्यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड मुंबईंत पोटासाठीं आलेल्या माणसाचा विरह सांगते, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत ती हजारोंच्या तोंडीं गेली. पण ती ओढीची आहे, परतीची नव्हे, आणि तिनें परतीची असावें असा आग्रह कोणी धरूं नये. जयवंत दळवी ह्यांच्या 'सारे प्रवासी घडीचे' ह्या १९६४ सालच्या पुस्तकांत कोंकणांतील गांव अशा जिवंतपणें उभा आहे कीं, त्यांतील माणसें आपल्याच आळींत राहातात असें वाटावें. त्या पुस्तकावर आमचें प्रेम आहे. पण त्याचा निवेदक आठवणारा आहे. सांगून झाल्यावर त्याला कोणाच्या डोळ्याला डोळा द्यावयाचा नाहीं. दळवींसारख्या लेखकाला तें शोभून गेलें, कारण त्यांचा विनोद आंतून खिन्न आहे. त्यांच्या मागून आलेल्या गांवच्या आठवणींच्या रतिबाला मात्र तें शोभत नाहीं. आठवणींतील गांवाची भिंत पडत नाहीं, कारण ती पाहावयास कोणी जात नाहीं. मासिकांतून दर मे महिन्यांत येणारे आंब्या-फणसांचे लेख वाचतांना आम्हांस आमच्या बंधूंचे ते दोन तास आठवतात. फरक इतकाच कीं, तेथें पलंगावर आई नसते.

आई नसण्याचें कारणहि उघड आहे. परतलेल्या माणसाच्या पिशवींत कोकमांखालीं नेहमीं कांहीं कागद असतात. सातबाऱ्याचा उतारा, वांटणीचा कच्चा मसुदा, कोणीतरी सही मागितलेलें संमतिपत्र. कोणत्या भावानें घर राखलें आणि कोणी नुसतीं पत्रें पाठविलीं, हा हिशेब त्या कागदांत असतो. सुशिक्षित मध्यम वर्गाला तो छापण्याची लाज वाटते. म्हणून त्याच्या वाङ्मयांत गांव हें फुलांचें, पाण्याचें आणि आजीच्या हातच्या घांवनांचें राहिलें. वारसांचें झालें नाहीं. ह्या लाजेचा आम्ही उपहास करीत नाहीं. आमच्या पिशवींतहि तो कागद होता. परंतु जी लाज लपवितांना ओवी जन्मास आली, तीच लाज लपवितांना आमचा लेख निर्जीव व्हावा, ह्याचें कारण एकच: ओवीला सासू ऐकत होती, आणि आमच्या लेखाला कोणीहि ऐकत नाहीं असें धरून आम्ही लिहितों.

ह्यावर एक आक्षेप येईल. पूर्वीं गांवीं जाणें हें जिवावरचें साहस होतें. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. तेव्हां परतलेल्या माणसाच्या सांगण्याला किंमत होती. २६ जानेवारी १९९८ पासून कोंकणरेल्वेचा सबंध मार्ग खुला झाला. रात्रीं निघालेला मनुष्य सकाळीं गांवांत असतो. शिवाय प्रत्येकाच्या खिशांत दूरध्वनि आणि त्यांत कॅमेरा. माणूस परतण्याच्या आधींच त्याचीं छायाचित्रें घरीं पोंचतात. मग सांगावयाचें काय, आणि लपवावयाचें काय?

आक्षेप वरवर सबळ आहे. पण आमच्या बंधूंनींहि त्या वैशाखांत छायाचित्रें पाठविलीं होतीं. तीं आम्हीं मागाहून पुन्हां पाहिलीं. देऊळ होतें, आंब्याच्या पेट्या होत्या, काकांचें कवळीसह हंसणें होतें. आणि एका चित्रांत बंधु स्वतः आमच्या अंगणाच्या कडेला अशा ठिकाणीं उभे होते कीं, त्यांच्या मागें केवळ माडांची रांग यावी. अंगण पाठीशीं न घेतां त्यांनीं तें पुढें ठेवलें होतें. चित्राला चौकट असते, आणि चौकट म्हणजेच गाळणें. साधनें वाढलीं म्हणून मनुष्य उघडा पडत नाहीं. त्याला गाळण्याचीं नवीं स्थळें मिळतात, एवढेंच. कथाकाराचें काम त्यामुळें संपलें नसून वाढलें आहे.

हें काम आतां कोणी करावयाचें, हा प्रश्न आम्हांस ठाकुर्लीस बसून अधिक निकडीचा वाटतो. ज्या स्थानकाच्या आसपास 'आमचें गांव दुसरीकडे' म्हणणारीं माणसें राहिलीं, तेंच स्थान आतां दुसऱ्या कोणाचें तरी गांव झालें आहे. येथील घरोघरचीं मुलें अमेरिकेंत, जर्मनींत, आखातांत आहेत. अमेरिकेंत मराठी कुटुंबांचीं मंडळें आहेत, अधिवेशनें भरतात, अंक निघतात; आणि त्या अंकांतून पुन्हां तीच ओढ, तेंच आठवणें वाहात असतें, फक्त माडांच्या जागीं लोकलची गर्दी आणि फलाटावरचा वडापाव आला आहे. आम्ही हें कुत्सितपणें म्हणत नाहीं. जी वाट आम्हीं चुकलों, ती ह्या मंडळींनीं चुकूं नये, एवढीच इच्छा आहे.

आमचा पुतण्या, म्हणजे त्याच बंधूंचा मुलगा, न्यू जर्सींत राहतो. गेल्या हिंवाळ्यांत तो तीन आठवडे येऊन गेला. आई आतां नाहीं. बंधूंना जिना चढवत नाहीं. इमारत जुनी झाली आहे, आणि ती पाडून नवी बांधावी कीं नाहीं ह्यावर सभासदांत तट पडले आहेत. पुतण्यानें हें सर्व पाहिलें, पैशाचें विचारलें, बंधूंनीं नको म्हटलें. परत पोंचल्यावर त्याचा दूरध्वनि आला. घरीं सर्वांना काय काय सांगितलेंस, असें आम्हीं सहज विचारलें. तो म्हणाला, लाडू पोंचले, चिवडा संपला, आजोबांची कवळी कशी हंसतांना सुटते तें मुलीला करून दाखविलें, ती लोळून हंसली. कवळीची ही विद्या बंधूंनीं काकांपासून घेतलेली दिसते. "आणखी काय सांगितलेंस?" असें विचारल्यावर तो क्षणभर थांबला, आणि मग पुन्हां चिवड्याविषयीं बोलूं लागला.

त्याची मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला मराठी समजतें. बोलतांना ती अडखळते. जिन्याविषयीं तिला कोणी कांहीं सांगितलेलें नाहीं. परंतु पुतण्याचें बोलणें चालू असतां मागून तिचा आवाज आम्हांस स्पष्ट ऐकूं आला. ती बापाला विचारीत होती कीं, आजोबा अजून रोज सकाळीं फिरायला खालीं उतरतात का. पुतण्यानें तिला काय उत्तर दिलें तें आम्हांस ऐकूं आलें नाहीं.

ह्या मुलीनें पुढें मराठींत लिहावें, इंग्रजींत लिहावें किंवा मुळींच लिहूं नये, तो तिचा प्रश्न आहे. पण गांवाहून परतलेल्या माणसाला नेमका प्रश्न विचारणारें कोणीतरी त्या घरांत आहे, एवढें त्या दिवशीं आम्हांस कळलें. आपल्या वाङ्मयाला उणीव होती ती सांगणाऱ्यांची नव्हे.